हजार डॉलरच्या वर की आत?

न्यूयॉर्क राज्याच्या कायद्यात चोरलेल्या मालाची किंमत १,००० डॉलरपेक्षा जास्त असली की ती ‘ग्रँड लार्सनी’, म्हणजे मोठी चोरी. बरोबर हजार किंवा त्याच्या आत असली तर ‘पेटिट लार्सनी’, किरकोळ चोरी. मोठी चोरी फेलनीत, म्हणजे गंभीर गुन्ह्यात मोडते आणि तिच्या सगळ्यात खालच्या पायरीलाही चार वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. किरकोळ चोरी मिसडिमीनर, म्हणजे कमी गंभीर गुन्हा, जास्तीत जास्त ३६४ दिवस. कागदावर वाचताना वाटतं, यात ठरवायचं काय? बिल काढा, आकडा बघा, मोकळे व्हा. पण त्या हजाराच्या रेघेपाशी बारा माणसं किती अडून बसू शकतात आणि त्यांना का अडून बसावं लागतं, हे मी ज्यूरीत बसून अनुभवलं. खटला संपला, निकाल लागला, जजनी आम्हाला बोलायची मोकळीक दिली, म्हणून आता लिहिते आहे. कुणाची ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत.

मी मूळची मिरजेची. आता न्यूयॉर्क शहरातल्या क्वीन्समध्ये राहते, एका संस्थेचे अकाउंट्स बघते. नागरिकत्व घेतलं की मतदार यादी, वाहन परवाने, कर भरणाऱ्यांच्या याद्या यांतून तुमचं नाव कधी ना कधी ज्यूरीच्या यादीत पोचतंच. समन्स पोस्टाने आलं. आईला फोनवर सांगितलं तर ती धास्तावलीच. “शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये गं. काहीतरी कारण सांग आणि सुटका करून घे.” तिला समजावलं, की मी आरोपी नाही, साक्षीदारही नाही, निकाल देणाऱ्या बारा जणांपैकी एक असेन. त्यावर तिचा प्रश्न, “म्हणजे नानावटीच्या खटल्यासारखं?” तिच्या पिढीला ज्यूरी म्हटलं की तोच खटला आठवतो. १९५९ साली मुंबईच्या सेशन्स कोर्टात नऊ जणांच्या ज्यूरीने आठ विरुद्ध एक मताने कमांडर नानावटींना खुनाच्या आरोपात निर्दोष ठरवलं, जजना ते पटलं नाही, त्यांनी प्रकरण हायकोर्टाकडे पाठवलं, आणि पुढे काही वर्षांत आपल्याकडची ज्यूरीची पद्धतच मोडीत निघाली. त्यामुळे ज्यूरी म्हणजे भावनेच्या भरात वाहवत जाणारी माणसं, अशी आईची पक्की समजूत.

क्यू गार्डन्सचं फौजदारी कोर्ट क्वीन्स बुलेवार्डवर आहे, युनियन टर्नपाइकच्या सबवे स्टेशनवर उतरून चालत जाता येतं. सुरक्षा तपासणी, मोठा हॉल, खूप वाट पाहणं, मग नाव पुकारलं की वर कोर्टरूममध्ये. तिथे जज आणि दोन्ही बाजूंचे वकील प्रश्न विचारून ज्यूरी निवडतात. “तुमची किंवा घरातल्या कुणाची कधी चोरी झाली आहे का?” या प्रश्नाला जवळजवळ सगळे हात वर गेले. कुणाची सायकल, कुणाचं दारात ठेवलेलं पार्सल, कुणाची गाडीची काच फोडून नेलेली बॅग. जजनी प्रत्येकाला विचारलं, ते बाजूला ठेवून या खटल्यातला पुरावा बघाल का?

माझ्या व्यवसायावर बचावाचे वकील थांबले. “तुमच्या ऑफिसात कॉम्प्युटरची किंमत दरवर्षी कमी करत नेता ना?” मी म्हटलं, हो, घसारा काढतो, करासाठी कॉम्प्युटरचा हिशेब पाच वर्षांत बसवतात, आमच्या वह्यांत वेगळा. “समजा जजनी किंमत ठरवायची तिसरीच पद्धत सांगितली, तर?” मी म्हटलं, तर तीच पद्धत. त्यांनी मान हलवली आणि पुढच्या माणसाकडे वळले. हा प्रश्न त्यांनी का विचारला, ते मला खूप पुढे, ज्यूरीच्या खोलीत उलगडलं.

प्रकरण साधं होतं. एक विद्यार्थिनी सार्वजनिक ग्रंथालयात अभ्यास करत होती. बॅग टेबलापाशी ठेवून, फोन आणि कार्डांचं पाकीट खिशात घालून ती बाथरूमला गेली. परत आली तर बॅग नाही. कॅमेऱ्यात एक तरुण बॅग खांद्याला लावून शांतपणे बाहेर पडताना दिसत होता. बॅग नंतर एका कचऱ्याच्या डब्यात सापडली, रिकामी. आतला लॅपटॉप आणि हेडफोन पुन्हा कधी मिळाले नाहीत. सरकारी वकिलांना चार गोष्टी सिद्ध करायच्या होत्या: त्याने वस्तू नेली, ती दुसऱ्याची होती, ती कायमची लंपास करायचा त्याचा हेतू होता, आणि तिची किंमत १,००० डॉलरच्या वर होती. पहिल्या तीनांवर बचावाच्या वकिलांनी फारसा जोर लावलाच नाही. त्यांचा सगळा रोख चौथ्या मुद्द्यावर होता.

साक्षीच्या पिंजऱ्यात त्या मुलीने पावत्या दाखवल्या. लॅपटॉप १,५९९ डॉलरचा, दोन वर्षांहून थोडा जुना. हेडफोन ३२९ डॉलरचे, तेही वापरलेले. बॅगेची पावती नव्हती, साधारण ८० डॉलरची असेल असं ती म्हणाली. पावत्यांचे कागद आमच्या हातातून फिरले. घडी पडून पडून लॅपटॉपच्या पावतीवरची छपाई मधोमध पुसट झाली होती, पण रक्कम आणि तारीख स्पष्ट वाचता येत होती. बेरीज २,००८. सरकारी वकिलांनी तो आकडा मोठ्या अक्षरांत फळ्यावर लिहिला आणि म्हणाले, दोन वर्षं वापरलं म्हणून यातलं निम्मंसुद्धा उरलं नसेल असं कोण म्हणेल?

मग उलटतपासणी. लॅपटॉप कधी पडला होता का? हो, एकदा, एक कोपरा चेपला होता. बॅटरीचं काय? ती बदला असा संदेश यायला लागला होता. कीबोर्ड? एक कळ अडकायची. तो विकून नवा घ्यायचा विचार केला होता का? हो, एका दुकानात विचारलं होतं. “त्यांनी किती देऊ केले?” सरकारी वकील ताडकन उठले, “ऑब्जेक्शन!” दुकानातल्या माणसाने बाहेर काय सांगितलं हे तो माणूस इथे नसताना ऐकता येत नाही, म्हणून जजनी आक्षेप मान्य केला. उत्तर आलंच नाही. सगळ्या खटल्यात खरा बाजारभाव आमच्या कानावर पडायची ती एकच वेळ होती, आणि नियमाप्रमाणे ती गेली.

मुलीचं एक वाक्य मात्र माझ्या मनातून अजून जात नाही. ती म्हणाली, मी तो हजारला कधीच विकला नसता, माझ्या दोन वर्षांच्या नोट्स त्यात होत्या. तिचं नुकसान खरं होतं. कायद्याच्या मोजपट्टीत ते कुठेच मावत नव्हतं.

साक्षी संपल्यावर जज ज्यूरीला कायदा समजावून सांगतात. किंमत म्हणजे गुन्हा घडला त्या वेळी आणि त्या ठिकाणी त्या वस्तूचा बाजारभाव. विकत घेताना मोजलेले पैसे म्हणजे बाजारभाव नव्हे. मालकाला तिचं मोल किती वाटतं, तेही नव्हे. बाजारभाव समाधानकारकरीत्या ठरवताच येत नसेल, तरच गुन्ह्यानंतर वाजवी मुदतीत तशी वस्तू पुन्हा घ्यायला किती पडतील तो खर्च धरायचा. शिक्षेचा विचार आम्ही करायचा नाही, तिच्याबद्दल तर्कही लढवायचे नाहीत. आधी फक्त ग्रँड लार्सनीचा विचार करायचा, आणि त्यात ‘दोषी नाही’ असं सर्वांचं एकमत झालं तरच पेटिट लार्सनीकडे वळायचं. शेवटी त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. तुमच्यापैकी कुणाला एखाद्या विषयाचं व्यावसायिक ज्ञान असेल, तर त्याच्या जोरावर पुराव्यात नसलेली माहिती इतरांपुढे ठेवू नका. हे सांगताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं असं मला वाटलं.

ज्यूरीच्या खोलीत शिरलो तेव्हा बहुतेकांना वाटत होतं की जेवणाच्या आत काम होईल. इथे फोरपर्सन, म्हणजे ज्यूरीची प्रमुख, निवडावी लागत नाही; ज्यूरीत पहिलं नाव जिचं निघतं तीच. आमची फोरपर्सन शाळेची बस चालवायची, आणि रोज पन्नास मुलांना जागेवर बसवणाऱ्या बाईचा धाक त्या खोलीत फार उपयोगी पडला. पहिल्याच मतमोजणीत सात जण ‘मोठी चोरी’ म्हणाले, पाच जणांना खात्री नव्हती.

ज्यूरी नंबर चार हे निवृत्त गृहस्थ, आयुष्यभर डेली, म्हणजे खाद्यपदार्थांचं छोटं दुकान चालवलेलं. त्यांचा मुद्दा चांगला होता, आणि तो पोटतिडकीचा होता. “वस्तू जुनी झाली म्हणून चोराला सूट का? त्या मुलीला दुकानात जाऊन नवाच घ्यावा लागला असेल. तिच्या खिशातून पंधराशे गेले, हजार नव्हे.” यावर एक तरुण म्हणाला, मी जुने फोन, लॅपटॉप ऑनलाइन विकतो, चेपलेला कोपरा आणि बॅटरीचा संदेश असला तर याला सहाशे-सातशेच्या वर कुणी हात लावणार नाही. लगेच तिसऱ्या कुणीतरी माझ्याकडे बोट केलं. “तू अकाउंटंट आहेस ना? दोन वर्षांचा घसारा काढ आणि संपवू या.” कुणीतरी पेन आणि कोरा कागदही माझ्यापुढे सरकवला.

मी पेन उचललं नाही. पाच वर्षांच्या हिशेबाने काढला तर एक आकडा येईल, तीन वर्षांच्या हिशेबाने दुसरा. एकाने ती रक्कम हजाराच्या वर जाते, दुसऱ्याने खाली येते. कोणती मुदत घ्यायची हे पिंजऱ्यात कुणी सांगितलेलं नाही. मी एक निवडली आणि तुम्ही मान्य केली, तर त्या मुलाला दोषी ठरवणारा साक्षीदार मी होईन, आणि त्याच्या वकिलांना मला एकही प्रश्न विचारता येणार नाही. शिवाय घसारा ही वहीतली किंमत. बाजाराला तिच्याशी काही देणंघेणं नसतं. आमच्याच ऑफिसात वहीत शून्य झालेली यंत्रं चांगल्या भावाने विकली गेली आहेत आणि वहीत किंमत असलेली भंगारात गेली आहेत. मी हे सांगितलं, आणि ऑनलाइन विकणाऱ्या त्या मुलाला म्हटलं, तुझे सहाशे-सातशेसुद्धा याच कारणाने बाजूला ठेवावे लागतील. तो जरा चिडला. मग म्हणाला, बरोबर आहे.

आता हातात काय उरलं? तीन वस्तू, दोन पावत्या, आणि झीज-मोडीचं वर्णन. आम्ही जजना चिठ्ठी पाठवली: बाजारभावाची व्याख्या पुन्हा ऐकायची आहे, आणि त्या मुलीच्या साक्षीतला लॅपटॉपच्या अवस्थेचा भागही. चिठ्ठीवर फोरपर्सनची सही, वेळ, आणि ती घेऊन जाणारा कोर्ट ऑफिसर. कायद्याचा मजकूर लेखी हातात मिळाला नाही, पुन्हा ऐकायला कोर्टरूममध्येच जावं लागलं. लघुलेखिकेने साक्ष एकसुरी आवाजात वाचून दाखवली. तीच वाक्यं, पण मुलीचा रडवेला स्वर नाही, वकिलांचे हातवारे नाहीत. मला तेव्हा पहिल्यांदा जाणवलं की त्या साक्षीत किमतीबद्दलचा मजकूर किती थोडा होता.

परत आल्यावर वाद वेगळ्या जागी गेला. नंबर चार म्हणाले, बाजारभाव ठरवताच येत नाही हे तुम्हीच सांगताय, मग कायद्यातला दुसरा रस्ता घ्या, नवा घ्यायचा खर्च धरा. हा मुद्दा सहजी खोडता येण्यासारखा नव्हता. त्याचं उत्तर एका नर्स बाईंनी दिलं. जुन्या लॅपटॉपचा बाजार नाही असं नाही, तो शहरभर आहे, हा मुलगा त्यातच धंदा करतो. बाजारभाव ठरवता येण्यासारखा होता, सरकारी बाजूने तो ठरवून आणला नाही, एवढंच. जुने लॅपटॉप विकणाऱ्या दुकानातला एक माणूस त्यांना बोलावता आला असता. त्यांच्या कामात राहिलेली फट आपण दुसऱ्या नियमाने बुजवायची का?

नंबर चार बराच वेळ गप्प होते. शेवटी म्हणाले, “मला अजून वाटतं की हजाराच्या वर असेल. पण मला वाटतं, यापुढे मला काही सांगता येत नाही.” वाजवी शंकेपलीकडे खात्री म्हणजे काय, हे मी वाचलेल्या सगळ्या व्याख्यांपेक्षा त्यांच्या त्या दोन वाक्यांत मला जास्त कळलं.

निकाल: ग्रँड लार्सनीत दोषी नाही, पेटिट लार्सनीत दोषी. प्रत्येकाला उभं करून विचारलं, हाच तुमचा निकाल ना? बारा वेळा ‘हो’. आरोपीने डोळे मिटून घेतले. ती मुलगी कोर्टात नव्हती, आणि तिला हा निकाल कसा कळला असेल, कोणी नीट समजावून सांगितला असेल का, याची मला काळजी वाटली. तिची वस्तू किरकोळ होती असं आम्ही म्हटलेलं नाही. तिची किंमत सिद्ध झाली नाही, एवढंच म्हटलं. बाहेर तरुण सरकारी वकिलांनी आम्हाला विचारलं, कुठे कमी पडलं? मी सांगितलं, जुन्या लॅपटॉपचा भाव सांगणारा एक साक्षीदार.

खटला चालू असताना इंटरनेटवर काही शोधायला बंदी असते. तो संपल्यावर मी कायद्याची कलमं नीट वाचून काढली, आणि बऱ्याच गोष्टी आमच्या खटल्यापेक्षा वेगळ्या निघाल्या. हजाराची रेघ ही फक्त एक रेघ आहे. वर ३,०००, ५०,००० आणि १० लाख डॉलर अशा आणखी पायऱ्या आहेत, आणि प्रत्येक पायरीला शिक्षा वाढते. उलट काही चोऱ्यांत किंमत बघतच नाहीत. क्रेडिट किंवा डेबिट कार्ड चोरलं की थेट ग्रँड लार्सनी. माणसाच्या अंगावरून, खिशातून, हातातून काही काढून घेतलं की दहा डॉलरचं असलं तरी ग्रँड लार्सनी. चोरलेली वस्तू बंदूक असेल तरी तेच, आणि मोटारीला मर्यादा फक्त १०० डॉलरची. म्हणजे त्या मुलीने कार्डांचं पाकीट खिशात न घालता बॅगेत ठेवलं असतं, तर प्रकरण किमतीशिवायच मोठ्या चोरीच्या कलमात बसलं असतं आणि आम्हा बारा जणांचा तो सगळा वाद झालाच नसता.

आणखी एक कलम मला विशेष वाटलं. किंमत कुठल्याच रीतीने ठरवता आली नाही, तर ती २५० डॉलरपेक्षा कमी आहे असं मानून चालायचं. पुरावा नसेल तर फायदा आरोपीला, हे तत्त्व कायद्याने आकड्यात उतरवून ठेवलं आहे.

रेघ कुठे मारायची हे मात्र प्रत्येक राज्याचं वेगळं. हडसन नदी ओलांडून न्यू जर्सीत गेलात की २०० डॉलर. २०० च्या पुढे चोरी ‘इंडायटेबल’, म्हणजे गंभीर गुन्हा होते, आणि ५०० ते ७५,००० पर्यंत ती थर्ड डिग्री, म्हणजे सर्वसाधारणपणे तीन ते पाच वर्षं. तीच बॅग जर्सी सिटीच्या ग्रंथालयातून गेली असती, तर बचावाच्या वकिलांना किमतीवर बोलायला जागाच उरली नसती. कॅलिफोर्नियात ही मर्यादा ९५० डॉलर, टेक्सासमध्ये २,५००. एडिसन, जर्सी सिटी भागात आपली मराठी मुलं शिकायला मोठ्या संख्येने आहेत, आणि ‘अमेरिकेत हजाराच्या आत काही होत नाही’ असं एकमेकांना सांगताना मी ऐकलं आहे. हे धोकादायक अज्ञान आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते.

व्हिसावर असलेल्या माणसाला चोरी दोनदा भोवते, एकदा राज्याच्या कायद्याने आणि एकदा केंद्राच्या इमिग्रेशन कायद्याने. देशात प्रवेश मिळाल्यापासून पाच वर्षांच्या आत नैतिक अधःपतनाचा गुन्हा घडला, दोष सिद्ध झाला, आणि त्या गुन्ह्याला एक वर्ष किंवा जास्त शिक्षा होऊ शकत असेल, तर माणूस हद्दपारीला पात्र ठरतो. प्रत्यक्षात एक दिवसही तुरुंगात काढला नसला तरी. चोरी सहसा या प्रकारात धरतात. न्यूयॉर्कमध्ये किरकोळ चोरीला पूर्वी कमाल शिक्षा एक वर्ष होती, म्हणजे बरोबर त्या कात्रीत. २०१९ मध्ये राज्याने कायदा बदलून ती ३६४ दिवस केली. तो एक दिवस कमी करण्यामागे हाच विचार होता, आणि त्याने किती घरं वाचली असतील याचा विचार केला की कायदे करणाऱ्यांबद्दल आदर वाटतो. पण त्यावर विसंबून राहू नये. व्हिसा रद्द करण्याचे सरकारचे अधिकार याहून पुष्कळ मोठे आहेत. चोरी केली तर व्हिसा जाऊ शकतो आणि पुढचे व्हिसेही नाकारले जाऊ शकतात, हे भारतातल्या अमेरिकन दूतावासाने २०२५ मध्ये जाहीरपणे बजावलं आहे. कुणावर प्रसंग आलाच, तर गुन्हा कबूल करण्याआधी वकिलाला विचारा, याचा माझ्या व्हिसावर काय परिणाम होईल? ते सांगणं वकिलाचं कर्तव्य आहे, हे अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने २०१० च्या पॅडिला खटल्यात ठरवून दिलं आहे. ‘शंभर डॉलर दंड भरून मोकळं होऊ’ म्हणून घाईने सही करणं, हे यात सगळ्यात घातक.

लहान चोरी आणि मोठी चोरी हा भेद इंग्लंडकडून आला. १२७५ च्या कायद्यात ती रेघ बारा पेन्सवर होती, आणि तिच्यावरच्या चोरीला फाशी. शतकं लोटली, बारा पेन्सची किंमत घसरत गेली, रेघ तिथेच राहिली. पुढे काही चोऱ्यांना ४० शिलिंगाच्या वर फाशी असा नियम आला, तेव्हा तिथल्या ज्यूऱ्या डोळ्यांदेखत महाग असलेला माल ३९ शिलिंगाचा ठरवू लागल्या, माणसाचा जीव वाचावा म्हणून. १८२७ मध्ये इंग्लंडने हा भेदच काढून टाकला. आम्ही मात्र तसं काही केलं नाही. शिक्षा किती हे आम्हाला माहीत नव्हतं, आणि दया दाखवायची म्हणून कुणी आकडा खाली ओढला नाही. आईला मी हे आवर्जून सांगितलं.

आपल्याकडे १८६० च्या दंडसंहितेत अशी रेघ नव्हतीच. शंभर रुपये चोरले काय आणि लाख चोरले काय, कलम ३७९ एकच, तीन वर्षांपर्यंत. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ती पहिल्यांदा आली: कलम ३०३ नुसार माल ५,००० रुपयांच्या आतला असेल, माणूस पहिल्यांदाच दोषी ठरला असेल आणि त्याने वस्तू किंवा तिची किंमत परत केली, तर शिक्षा समाजसेवेची. पाच हजारांच्या आतल्या या चोऱ्या अदखलपात्रही झाल्या आहेत. सांगलीच्या कोर्टात वकिली करणाऱ्या माझ्या दिराशी बोलताना मी त्यांना पहिला प्रश्न हाच विचारला, जुन्या मोबाइलची किंमत कोण आणि कशी ठरवणार, भाऊजी? ते म्हणाले, वहिनी, खरी भांडणं तिथेच होणार आहेत. मोबाइल पाच हजारांच्या आतला की वरचा, यावर पोलीस गुन्हा नोंदवून तपासाला लागणार की फिर्यादीला मॅजिस्ट्रेटकडे जा म्हणणार, हे ठरतं. म्हणून फोनचं बिल, मॉडेल, त्याची अवस्था दाखवणारे फोटो जपून ठेवा, इथेही आणि तिथेही.

न्यूयॉर्कची हजाराची रेघ १९८६ सालची आहे. त्याआधी ती २५० वर होती. त्यानंतर भाव सरासरीने अडीच पटीहून जास्त झाले, रेघ हलली नाही. १९८६ मध्ये हजार डॉलरची चोरी म्हणजे खरोखर मोठा ऐवज होता. आज एक चांगला फोन उचलला की तरुण मुलाच्या नावावर फेलनी लागते, आणि नोकरीच्या प्रत्येक अर्जात ती त्याच्या आधी पोचते. ही मर्यादा वाढवायला हवी आणि महागाईशी जोडायला हवी, असं माझं स्पष्ट मत आहे. कोर्टातून सबवेकडे चालताना नंबर चार यांच्याशी यावर बोलणं झालं. त्यांचं मत नेमकं उलट: माझ्या डेलीतून दिवसाला पाच-दहा डॉलरचा माल जायचा, तेच तेच चेहरे यायचे, हजारापर्यंत कधीच पोचायचे नाहीत, आणि तुम्ही ती रेघ अजून वर नेणार? त्यांची तक्रार रास्त आहे, पण तिचं उत्तर वेगळं आहे. दुकानांतून एकाच बेताने पुन्हा पुन्हा चोरलेल्या मालाची किंमत एकत्र धरायची सोय राज्याने २०२४ मध्ये कायद्यात केली, ते त्या तक्रारीवरचं उत्तर. ज्या मुलाने एकदाच एक बॅग उचलली, त्याला मोजायला १९८६ ची पट्टी वापरत राहणं हे तिचं उत्तर नव्हे.